चाळीस नंबर

(गावच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पाच दिवस तुम्ही संतसाहित्य ऐकलंत, किल्ल्यांवरची पाणीव्यवस्था ऐकलीत, काल तुम्हाला मधुमेह झाला, म्हणजे त्याच्यावरचं व्याख्यान झालं. आज सहावं पुष्प गुंफायला मला बोलावलंय. या पुष्पाला इंजिन ऑईलचा वास येणार, त्याला माझा इलाज नाही. तीस वर्षं मी इंजिन टेस्टिंगच्या शेडमध्ये काढली. सेक्रेटरींनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "इंजिनात कुठल्या नंबरचं ऑईल घालावं." पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येईना. मग ते म्हणाले, "यावर तासभर बोलण्यासारखं असतं का हो?"

ते असतं याचा पुरावा मला आत येतानाच मिळाला. मंडपाबाहेर मोटारसायकली लावल्यात, तिथं एका गृहस्थांनी मला गाठलं. "सायेब, ते ऑईलचं भाषण तुमचंच न्हवं? मग येवढं सांगा. उन्हाळा लई हाय, वीस-पन्नास टाकू का? मिस्त्री म्हणतोय जाड टाक, इंजिन गार ऱ्हातंय." मी विचारलं, गाडी कुठली? शंभर सीसीची, नऊ वर्षांची. म्हटलं, "पुस्तक काय म्हणतंय?" ते म्हणाले, "कसलं पुस्तक?" "गाडीबरोबर आलेलं." तेव्हा ते हसले. "ते हाय की सीटखाली. पिशवीतनं भाईरच काढलं न्हाई." मी म्हटलं, घेऊन या आणि पुढं बसा. ते तिसऱ्या रांगेत बसलेत, पुस्तक मांडीवर आहे, अजून पिशवीसकट. आजचं माझं सगळं बोलणं त्यांना उत्तर म्हणून आहे. बाकीच्यांनी ऐकलं तरी हरकत नाही.

आमच्या लहानपणी ऑईलला दोनच नंबर असायचे, तीस आणि चाळीस. दुकानात बॅरल, बॅरलला हातपंप, खाली पत्र्याचं माप. वडील विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला चाळीस नंबर घालायचे. पाच हॉर्सपॉवरचं, हँडल मारून सुरू करायचं इंजिन. ज्यांना ज्यांना ते हँडल उलटं बसलंय त्यांना ते मरेपर्यंत आठवणार. पौषातल्या पहाटे गव्हाला पाणी पाजायचं असायचं. खटका उचलून वडील हँडलला अक्षरशः लोंबकळायचे, आणि ते फ्लायव्हील काकवीत रुतल्यासारखं अर्धा फेरा जाऊन थांबायचं. मग आई चुलीतले निखारे घमेल्यात काढून द्यायची. मी ते घमेलं फडक्यानं धरून विहिरीवर न्यायचो, इंजिनाच्या चेंबरखाली सरकवायचो. वडील बिडी पेटवून बसायचे. बिडी संपली की हँडल मारायचे आणि इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला बोलायचं. "त्याला बी हुडहुडी भरतीया," म्हणायचे.

त्या हुडहुडीला आकडा देता येतो. तेल किती सहज वाहतं ते सेंटिस्टोक नावाच्या मापात मोजतात. साधं पाणी वीस अंशांना असतं एक सेंटिस्टोक. वडिलांचं चाळीस नंबर तेल शंभर अंशांना साधारण चौदा भरायचं, आणि दहा अंशांच्या पहाटे तेच तेल हजाराच्या वर जायचं. डबा तोच, तेल तेच, जाडी सत्तर-ऐंशी पट. खोबरेल तेल थंडीत बाटलीतून बाहेर यायला नकार देतं हे आपल्या घराघरात माहीत आहे. ते गोठतं, म्हणून निदान दिसतं तरी. इंजिनाचं तेल गोठत नाही, नुसतं आळसावतं, आणि बंद चेंबरमध्ये ते कुणाला दिसत नाही.

दिसावं म्हणून मी या दोन काचेच्या नळ्या आणल्यात. दोन्ही वितीएवढ्या, दोन्हींना बूच. एकीत ०डब्ल्यू-२०, आजकालच्या पेट्रोल गाड्यांचं तेल. दुसरीत २०डब्ल्यू-५०, आपल्या पाहुण्यांचं वीस-पन्नास. दोन्हींत वर बोटभर हवा ठेवलीय. तासाभरापासून दोन्ही या बर्फाच्या डब्यात आहेत. आता मी एकदमच उलट्या करतो. हवेचा बुडबुडा खालून वर जाईल. पुढच्या पोरांनी मोजायचं. मोठ्यानं.

(पहिल्या नळीतला बुडबुडा "तीन" म्हणायच्या आत वर पोहोचला. दुसरीतला तेरापर्यंत मोजून झाल्यावर.)

आता याच नळ्या थर्मासमधल्या कढत पाण्यात ठेवतो. बोलत बोलत पुन्हा त्यांच्याकडे येऊ.

डब्यावर १०डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं, त्यातल्या 'डब्ल्यू'ला पुष्कळ लोक 'वेट' समजतात, वजन. तो विंटर आहे, हिवाळा. एसएई नावाच्या अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेनं १९११ साली तेलांच्या जाडीला नंबर देण्याची पद्धत घातली. ती आजवर कितीदा दुरुस्त झाली, पण नंबर तिचेच चालतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा, नंतरचा तापलेल्या इंजिनातल्या वागणुकीचा. नंतरचा आकडा तीस असेल तर शंभर अंशांना ते तेल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या मधे भरलं पाहिजे. चाळीस असेल तर १२.५ ते १६.३. पन्नास असेल तर १६.३ ते २१.९. यात 'चांगलं' किंवा 'वाईट' हा शब्द कुठंही नाही. चपलेचा नंबर असावा तसा हा आहे. दहा नंबरची चप्पल आठ नंबरच्या चपलेपेक्षा टिकाऊ, असं कुणी चांभाराला म्हणून बघावं.

थंडीच्या आकड्याची परीक्षा वेगळी. त्या गारठ्यात इंजिन फिरेल का आणि पंपाला तेल खेचता येईल का, या दोन गोष्टी तपासतात. इंजिन फिरण्याची परीक्षा वीस डब्ल्यूची उणे पंधरा अंशांना होते, पंधराची उणे वीसला, दहाची उणे पंचवीसला, पाचची उणे तीसला आणि शून्य डब्ल्यूची उणे पस्तीसला. आता आपल्याकडे उणे पंधरा आणायचं कुठून? निफाडला पारा पाचाच्या खाली गेला की पेपरात बातमी येते, वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की फोटो येतो. लडाखला बुलेटी घेऊन जाणारी आपली पोरंही पावसाळ्याच्या सुमाराला जातात, द्रासच्या जानेवारीत नव्हे. म्हणजे इंजिन नुसतं फिरण्यापुरतं बघितलं तर महाराष्ट्राला वीस डब्ल्यू पुरतं. मग शून्य आणि पाच डब्ल्यूचं कौतुक इथं कशाला? उत्तर त्या बुडबुड्यात आहे. पंचवीस अंशांची आल्हाददायक सकाळसुद्धा इंजिनाच्या हिशेबानं थंडीच असते. त्या तापमानाला वीस-पन्नास हे शून्य-वीसच्या चौपटीहून जाड असतं. इंजिन सुरू झालं की तेलाला चेंबरमधून उठून बोटभर रुंदीच्याही नसलेल्या वाटांनी पार वर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत चढायचं असतं. तोपर्यंत वरचे भाग कालच्या उरल्यासुरल्या ओलाव्यावर चालतात. इंजिन झिजतं ते फार करून या वेळेला, एक्स्प्रेस वेवर नव्हे.

आता एकाच तेलाला थंडीत पातळ आणि गरमीत जाड कसं करतात? नीट सांगायचं तर, जाड कुणीच करत नाही. प्रत्येक तेल तापलं की पातळ होणारच. ते कमी पातळ व्हावं एवढीच सोय करता येते. त्यासाठी पातळ तेलात लांबलचक साखळ्यांची रसायनं घालतात. थंडीत ती मांजरासारखी मुटकुळं करून पडतात, तेलाच्या आड येत नाहीत. ऊन लागलं की मांजर अंग ताणून देतं तशी ती पसरतात आणि तेलाला अडवून धरतात. यामुळे नुसत्या तीस-चाळीस नंबरांचा जमाना संपला. पण या साखळ्या तुटतात. मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच तेल असतं, आणि गिअरचे दाते त्या साखळ्यांचा उसाच्या चरकासारखा चोथा करतात. पन्नास म्हणून घातलेलं तेल काही हजार किलोमीटरनंतर चाळीसासारखं वागायला लागतं, ते यानं.

आता मुख्य मुद्दा. तेल इंजिनात करतं काय? 'वंगण' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं निसरडेपणा येतो. बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचो ना, तसं काहीतरी. १८८३ पर्यंत मोठमोठ्या इंजिनिअरांचीही समजूत फारशी पुढं गेलेली नव्हती. त्या साली इंग्लंडमध्ये ब्यूचॅम्प टॉवर नावाचा इंजिनिअर तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. आस खालून तेलात बुडालेला, वर पितळी बेअरिंग, त्याच्यावर भार. त्यानं बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडायला भोक पाडलं. यंत्र चालू केलं, तर तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर यायला लागलं. घाण होते म्हणून त्यानं भोकाला बूच मारलं. बूच उडालं. लाकडाची खुंटी ठोकली. तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. त्या खुंटीपाशी हा माणूस थांबला, हे त्याचं मोठेपण. दुसऱ्या कुणी हातोडा मागितला असता. त्यानं तिथं प्रेशर गेज लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता चौरस इंचाला शंभर पौंड, आणि काटा दोनशेच्या पलीकडं जाऊन टेकला, कारण गेजवर पुढं आकडेच नव्हते.

याचा अर्थ असा की तो आस पितळेला टेकलेलाच नव्हता. तेलानं सगळा भार उचलून धरला होता, आणि तेलाला ही ताकद कुठल्या पंपानं दिली नव्हती. आस स्वतःच फिरता फिरता तेल फटीत ओढून नेत होता. मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकानं १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं. फट एका बाजूला रुंद आणि पुढं अरुंद असेल, तर आत ओढलेलं तेल पाचरीसारखं घुसतं आणि धातूला उचलतं. पावसात वेगातली गाडी रस्त्यावरच्या पाण्यावर तरंगते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं ना? तीच ही पाचर. रस्त्यावर जीव घेते, इंजिनात जीव वाचवते.

या पाचरीला तीन गोष्टी लागतात: फिरण्याचा वेग, तेलाची जाडी आणि फट. वेग तुमच्या मनगटात आहे. फट कारखान्यात ठरते. गाडीच्या क्रँकच्या बेअरिंगमधली फट तीस-चाळीस मायक्रॉन धरा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा कमी. भर भाराच्या जागी तेलाचा थर एक-दोन मायक्रॉनवर येतो. एवढ्या थरावर सगळा संसार चाललेला असतो. तेल फार पातळ असेल तर थर फाटतो आणि धातू धातूला लागतो. फार जाड असेल तर फटीत पुरेसं शिरत नाही, शिरलं तर तिथं घुसळून घुसळून स्वतःच तापतं, आणि कमी वाहिल्यामुळं बेअरिंगची आणि पिस्टनची उष्णता बाहेर काढून न्यायचं दुसरं कामही अर्धवट करतं. "जाड टाक, इंजिन गार ऱ्हातंय" हे उलटं आहे, पाहुणे. जाडीनं तेल तापतं. कुणी म्हणेल, जाड तेल घातल्यावर ऑईल प्रेशरचा काटा वर जातो. जाणारच. कालच्या डॉक्टरांना विचारा, ब्लडप्रेशर वाढलं म्हणजे रक्त छान फिरतंय असं ते म्हणतात का?

तर नंबर निवडायचा तो त्या फटीसाठी आणि तिथल्या उष्णतेसाठी. तो गावच्या हवेसाठी नसतो, आणि आपल्या मनाच्या समाधानासाठी तर अजिबात नसतो. ज्या इंजिनात पाणी फिरतं, तिथं थर्मोस्टॅट पाण्याला नव्वद अंशांच्या आसपास धरून ठेवतो. तेल नव्वद ते एकशेदहामध्ये राहतं. बाहेर डिसेंबरचे बारा आहेत की मेचे बेचाळीस, त्यानं आतल्या बेअरिंगला फार फरक पडत नाही. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांचं, म्हणजे या मंडपाबाहेरच्या बहुतेक मोटारसायकलींचं, थोडं वेगळं आहे. दोघं बसून, मागं पोतं बांधून, दुपारच्या उन्हात कुंभार्ली घाट चढताना तेल पाण्याच्या गाडीपेक्षा बरंच जास्त तापतं. पण हे सगळं नंबर ठरवणाऱ्यानं धरलेलं असतं. बुलेटच्या युनिट इंजिनाला १५डब्ल्यू-५० सांगितलंय आणि स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०. दोन्ही हवेवरच थंड होतात, दोन्ही याच घाटात चढतात. एकीचा सिलिंडर कळशीएवढा आणि दुसरीचा तांब्याएवढा, फटी वेगळ्या, उष्णता वेगळी. स्प्लेंडरमध्ये बुलेटचं तेल घातलं म्हणून तिची बुलेट होत नाही. काही पुस्तकांत आडव्या पट्ट्यांचा तक्ता असतो, खाली बाहेरचं तापमान आणि वर चालणारे नंबर. तो असेल तर उन्हाळ्यासाठी त्या पट्टीत हला. पट्टीबाहेर हलायचं कारण मला तीस वर्षांत फारसं दिसलेलं नाही.

थर्मासमधल्या नळ्या आता तापल्यात. उलट्या करतो. मोजा.

(दोन्ही बुडबुडे "एक" म्हणायच्या आत वर.)

बघा. आता डोळ्याला दोन्ही सारखीच. खरं तर शंभर अंशांनाही वीस-पन्नास हे शून्य-वीसच्या दुप्पट जाड असतं, अठरा आणि आठ. डोळ्याला नाही दिसत, दोन मायक्रॉनच्या थराला दिसतं. गॅरेजमध्ये गरम तेल दोन बोटांत चोळून "ह्यात दम नाही राहिला" म्हणणारे मिस्त्री असतात. त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. टॅपेटचा आवाज ऐकून ते जे सांगतात ते आमच्या यंत्रांना सांगता यायचं नाही. पण बोटाला आठ आणि अठरा कळत नाही. रंगावरून तर मुळीच नाही. तेल काळं होतं ते आतली काजळी स्वतःत धरून ठेवतं म्हणून. डिझेलचं तेल बदलल्यावर पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्येच काळं पडतं. जे वर्षभर मधासारखं राहतं त्याचीच मला काळजी वाटते.

आता एक आक्षेप येतो, आणि तो शिकलेल्या माणसांकडून येतो. "कंपन्या मायलेजचे आकडे दाखवायला पातळ तेल सांगतात, आणि आपलं इंजिन झिजवतात." यातला पहिला भाग खरा आहे. मी तो नाकारणार नाही. तेल जितकं पातळ तितकं घुसळायला इंधन कमी लागतं. सरासरी इंधनवापराचे सरकारी निकष आपल्याकडे २०१७ पासून लागू झाले, जपान-अमेरिकेत त्याच्या आधीच होते. एसएईच्या तक्त्यात वीसच्या खाली जागा नव्हती, तिथं २०१३ साली सोळा नंबर आला, २०१५ मध्ये बारा आणि आठ. एकाच इंजिनाला एका देशातलं पुस्तक वीस सांगतं आणि दुसऱ्या देशातलं तीस किंवा चाळीसही चालेल म्हणतं, हेही मी पाहिलंय. म्हणजे नंबर ठरवताना टेबलाशी फक्त बेअरिंग बसलेलं नसतं, कायदाही बसलेला असतो.

दुसरा भाग मात्र सरसकट खरा नाही. सोळा नंबरासाठी केलेल्या इंजिनात बेअरिंगची रुंदी, पृष्ठभागाची घडण, पंप, सगळं त्या तेलाला धरून असतं. शिवाय तिथं तेल नुसतं वंगण नसतं, ते निरोप्याचंही काम करतं. व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते मागंपुढं करणारी यंत्रणा तेलाच्या दाबावर हलते, टायमिंग चेन ताणून धरणारा दट्ट्याही तेलावर. सुईएवढ्या छिद्रांतून वीस-पन्नास घालवायला गेलात तर निरोप उशिरा पोहोचतात. आणि पातळपणालाही तळ ठेवलेला आहे. १५० अंशांना, बेअरिंगमध्ये होते तशी जबर रगड देऊन तेलाची जाडी मोजतात. तिथं माप वेगळं, सेंटिपॉइजचं. वीस नंबराला २.६ सेंटिपॉइजच्या खाली जायला मनाई, तीस नंबराला २.९च्या, आणि १५डब्ल्यू-४०सारख्या जड गाड्यांच्या तेलाला ३.७च्या. माझ्या मते तेल निवडताना डब्यावरच्या नंबराइतकाच हा आकडा मोठ्या अक्षरांत छापायला हवा. तो बहुतेक डब्यांवर नसतो.

तुमच्या पुस्तकात दोन नंबर दिले असतील, तुम्ही ऊस भरलेली ट्रॉली ओढता, नाहीतर रोज खंबाटकी घाट ओलांडता, तर त्यातला जाड नंबर घ्या. मीही तोच घेतो. एकच दिला असेल तर तोच.

इथपर्यंत मापाचं झालं. कापड अजून बघायचंय. पोलक्याचं माप बरोबर असून कापड पहिल्या धुण्यात विरलं तर काय उपयोग? तेलाचं कापड सांगणारी अक्षरं डब्याच्या पाठीमागं बारीक छापलेली असतात आणि दुकानात कुणी डबा उलटा करत नाही. एपीआय ही अमेरिकेतल्या तेलधंद्याची संस्था. तिची 'एस'पासून सुरू होणारी अक्षरं पेट्रोलची, 'सी'पासूनची डिझेलची. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं तेल नवं. एसएल २००१चं, एसएन २०१०चं, एसपी २०२०चं. पेट्रोलच्या अक्षरांत नवं तेल जुन्या इंजिनाला सहसा चालतं, जुनं तेल नव्याला चालत नाही. बीएस-सिक्सच्या डिझेल गाड्यांत काजळी पकडणारी जाळी असते. तेलातली काही रसायनं जळून राख होते आणि ती राख जाळीत कायमची बसते. अशा गाडीला कमी राखेचं तेल लागतं, आणि तिथं नंबर बरोबर पण अक्षरं चुकीची असतील तर जाळी बदलायचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

मोटारसायकलवाल्यांसाठी आणखी एक शब्द, आणि तो मी पैसे मोजून शिकलो. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. टेस्टच्या शेडमध्ये कारसाठी आलेलं उंची तेल उरलं होतं. इंधन वाचवणारं, घर्षण कमी करणारं. मी म्हटलं, टाकून द्यायचं कशाला? घरी नेऊन मोटारसायकलीत ओतलं. नंबर तंतोतंत तोच होता, हे लक्षात घ्या. पंधरवड्यानं बायकोला मागं बसवून गावाकडं निघालो. खंबाटकीत तिसऱ्या वळणाला अॅक्सिलेटर पिळला, तर इंजिन बोंबललं आणि गाडी मात्र पायी चालल्यासारखी. मागून एसटीचा हॉर्न. बायको म्हणाली, "उतरू का?" ती उतरली, चालत वर गेली आणि माझ्या आधी पोहोचली.

झालं असं होतं की कारचा क्लच कोरडा, तेलापासून लांब. मोटारसायकलीच्या क्लच प्लेटा तेलातच बुडालेल्या. घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी त्यांचंही घर्षण कमी केलं, आणि क्लच घर्षणावरच जगतो. जगभर माझ्यासारखे शहाणे बरेच निघाले असावेत, कारण जपान्यांनी १९९८ साली मोटारसायकलीच्या तेलाचं वेगळं मानकच काढलं. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' असं असतं ते. ओल्या क्लचच्या गाडीला ते हवंच. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला 'एमबी' चालतं. प्लेटा बदलायला किती पैसे पडले ते मी घरी आजवर खरं सांगितलेलं नाही. ती आज सभेत आहे, म्हणून इथंही सांगत नाही.

'सिंथेटिक' या शब्दाबद्दल लोक फार विचारतात. थोडक्यात सांगतो. खनिज तेलावर कसून प्रक्रिया केली तरी त्याला सिंथेटिक म्हणता येईल का, यावरून १९९९ मध्ये अमेरिकेत दोन तेलकंपन्यांचं भांडण जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळापुढं गेलं, आणि म्हणता येईल असा निकाल लागला. तेव्हापासून त्या शब्दाला मी अक्षरांइतका मान देत नाही. सिंथेटिक चांगलं असतं, टिकतं, टर्बोवाल्याला तर हवंच, कारण टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याच्या बेअरिंगला दुसरा कुणी वाली नाही. पण पुस्तकात मागितलेलं नसेल आणि तुम्ही वेळच्या वेळी तेल बदलत असाल तर साध्यानं भागतं. बदलायला उशीर करायचा म्हणून महाग तेल घालणं, हे मला पटत नाही. ऑईलमध्ये घालायच्या निराळ्या बाटल्या मिळतात, त्यांच्याबद्दल मी काहीच बोलणार नाही.

राहता राहिलं जुनं इंजिन. गाडी दीड लाख फिरली, ऑईल खाते, सकाळी निळा धूर. मिस्त्री म्हणतो एक नंबर जाड घाल. यात तथ्य आहे. फट वाढली म्हणजे तिला थोडं जाड तेल लागणार, हे आज मी सांगितलेल्या गणितातूनच निघतं. तीसच्या जागी चाळीस घाला, धूर कमी होईल, चार-सहा महिने निघतील. पण रिंगा झिजल्यात, त्या तेलानं भरून येत नाहीत. ऑईलची काडी दर आठवड्याला काढून बघा, कारण अशी इंजिनं चुकीच्या नंबरानं मरत नाहीत. तेल संपल्याचं कुणाच्या लक्षात न आल्यानं मरतात. शंभर सीसीच्या गाडीत सगळं मिळून जेमतेम लिटरभर तेल असतं. त्यातलं पावशेर गेलं तर उरलं किती?

सेक्रेटरी घड्याळाकडं बघतायत. प्रश्न घेऊच, पण पहिला मान तिसऱ्या रांगेचा. पाहुणे, पिशवी फाडा. पुस्तकाच्या शेवटच्या पानांकडं जा, जिथं टायरची हवा, पेट्रोलची टाकी असे आकडे असतात. सापडलं? तिथं 'इंजिन ऑईल' लिहिलं असेल. पुढचा नंबर आणि अक्षरं मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू येऊ द्या. मग वीस-पन्नासचं काय ते बोलू.